पोथीच्या डोळ्यांतला पांढरा रंग

ती घटना आठवली की आजही माझ्यापुढे आधी एक आकडा येतो. चौसष्ट. चौसष्ट गणपती, अंगाचे रंग वाळलेले, सोवळ्याचे काठ सोनेरी केलेले, आणि एकालाही डोळे नाहीत. ब्रशने डोळे काढणारा माणूस कोठडीत होता आणि त्याला तिथे मी बसवलं होतं.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या. लोक त्यांच्याबद्दल विचारतात. या गुन्ह्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण यात रक्त नाही आणि पाठलागही नाही. नावं कोणाचीच देत नाही. काही माणसं अजून त्याच चाळीत राहतात.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झाली होती. हद्दीत कोकणातली माणसं पुष्कळ. संपानंतर कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी नुसताच घरी बसला. अशांपैकी एक साठीचे गृहस्थ श्रावण लागायच्या सुमारास पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन ठाण्यात आले. त्यांना मी आबा म्हणतो. विक्रोळीच्या एका चाळीत ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, दोघंच राहत. बहिणीला सगळी चाळ आक्का म्हणे.

ट्रंकेत चित्रकथीची पोथी होती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुटी पानं असतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून एक पान होतं. गोष्ट सांगणारा एकेक पान उभं धरून त्यावरचा रामायणातला प्रसंग गाऊन सांगतो. आबांच्या घराण्यात ही पोथी पाच पिढ्या होती. मी पानं मोजून घेतली, अडतीस भरली.

आबांची तक्रार अशी. पानांच्या कडा सुटत होत्या, म्हणून त्यांनी पोथी कोकणातल्या आपल्या गावच्याच एका मूर्तिकाराला दुरुस्तीला दिली. चाळिशीचा हा माणूस घाटकोपरला एका शेडमध्ये गणपतीचा कारखाना चालवी आणि उरलेले महिने दुकानांच्या पाट्या रंगवी. तीन आठवडे पोथी त्याच्याकडे होती. चिंचोक्याच्या खळीने कडा चिकटवून त्याने ती परत दिली. त्यानंतर आबांनी, विकली तर काय येईल म्हणून, ती अंधेरीच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवली. व्यापाऱ्याने एका चित्राच्या डोळ्यावर नख घासलं आणि म्हणाला, हा रंग तर काल-परवाचा आहे. आबांच्या मनाने घेतलं की मूर्तिकाराने नक्कल हातात ठेवली आणि अस्सल पोथी दाबली.

फिर्याद लिहून घेताना ते एक वाक्य बोलले. ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण मला ते गमतीचं वाटलं होतं. “साहेब, आमच्या पोथीचे रंग उडाले, कडा फाटल्या, पण डोळे कधी मावळले नाहीत. तेच तिचं सत्त्व.”

हे वाक्य पुढे एकोणीस दिवस माझ्याच फायलीत पडून होतं.

गुन्हा नोंदला. कलम चारशे सहा आणि चारशे वीस, विश्वासघात आणि फसवणूक. दुसऱ्याच दिवशी आमच्या हवालदाराने खबर आणली की मूर्तिकाराच्या शेडमध्ये तशीच दोन चित्रं भिंतीला लावलेली आहेत. हवालदारही कुडाळकडचा, या लोकांत ऊठबस असलेला. आम्ही दोन पंच घेऊन झडती घेतली. चित्रं मिळाली, ताजी होती. मूर्तिकार म्हणाला, पोथी किती दिवस टिकेल देव जाणे, म्हणून हात बसवायला दोन पानं उतरवून घेतली. मला ते पटलं नाही. ती चित्रं, पांढऱ्या रंगाचा एक डबा, गेरूची पुडी आणि ब्रश असा मुद्देमाल जप्त केला.

मूर्तिकाराची बायको दारात उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. डब्यावर सील लागत असताना म्हणाली, “पांढरा नेलात साहेब. आता डोळे कशाने काढायचे?”

तेव्हा मी पहिल्यांदा ते चौसष्ट गणपती नीट पाहिले. ज्यांनी मूर्ती बुक केल्या होत्या त्यांची नावं खडूने पाटांवर लिहिलेली होती. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी करतात आणि त्या कारखान्यात ती तो एकटाच करी. चतुर्थीला एकोणतीस दिवस होते. मी त्याला अटक केली.

आता नमुन्यांची गोष्ट, कारण सगळं तिथेच फसलं. रंग जुना की नवा हे ठरवायचं होतं. वरिष्ठांच्या पत्राने पवईच्या तंत्रशिक्षण संस्थेतले एक प्राध्यापक तपासणीला तयार झाले. त्यांना रंगाचे कण हवे होते. आबा, दोन पंच आणि मी पोथी उघडून बसलो. कुठून खरवडावं, हा प्रश्न आला. आबा म्हणाले, डोळ्यातलं घ्या, तेवढंच मूळचं शाबूत आहे, खरी असेल तर तिथेच कळेल. मला ते बरोबर वाटलं. पाच चित्रांच्या डोळ्यांतून ब्लेडच्या टोकाने पांढरा रंग काढला, पाच पुड्या केल्या, लाखेचं सील मारलं. जप्त डब्यातला रंग सहाव्या पुडीत घातला.

आठ दिवसांनी अहवाल आला. पाचही नमुन्यांत टिटॅनियमचा पांढरा रंग. हा रंग बाजारात आल्याला तेव्हा साधारण साठ वर्षं झाली होती. पाच पिढ्यांपूर्वीच्या चित्रात तो असणं शक्य नव्हतं. भरीला, पाचांपैकी तीन नमुन्यांतला रंग आणि डब्यातला रंग यांत फरक दिसत नाही, असंही लिहिलं होतं. मी अहवाल दोनदा वाचला आणि चहा मागवला. प्रकरण उलगडलं असं मला वाटलं.

मूर्तिकाराला समोर बसवलं.

“पोथी तीच आहे, साहेब.”

“मग डोळ्यांतला पांढरा तुझ्या डब्यातला कसा?”

तो फरशीकडे बघत राहिला. “माझ्या डब्यातलाच असेल.”

“म्हणजे तू लावलास.”

“मी नाही लावला.”

“मग कोणी?”

“ते माझ्याकडून वदवू नका.”

मी त्याच्यावर हात उचलला नाही. पण त्याला पाच तास उभं ठेवलं, हे इथे लिहून टाकतो. त्या पाच तासांत त्याने एकदा पाणी मागितलं आणि एकदा विचारलं, शेडवरचा प्लॅस्टिकचा कागद सुटला होता तो कोणी बांधला का. मूर्तींवर पाणी पडेल, एवढीच त्याची काळजी. अस्सल पोथी कुठे आहे, या प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर, तुमच्याच ट्रंकेत आहे.

बाहेर आल्यावर हवालदार म्हणाला, “साहेब, चोर एवढं कमी बोलत नाही. हा एक तर साधू आहे, नाहीतर आपली वाट लावणार आहे.”

मी त्याला गप्प केलं. माझा अनुभव मला सांगत होता की खोटं बोलणारा भरमसाट बोलतो. पण समोर छापील अहवाल होता, आणि अहवालावर माझा विश्वास अनुभवापेक्षा जास्त होता. मुळात मी आकड्यांचा माणूस. कोर्टात अहवाल दाखल केला, जामीन फेटाळला गेला, मूर्तिकाराची रवानगी न्यायालयीन कोठडीत झाली.

बातमी चाळींतून फिरली. देवाची पोथी चोरणाऱ्याच्या हातचा गणपती कोण घेणार? लोक शेडवर येऊन आपापली मूर्ती उचलून न्यायला लागले. डोळे दुसरीकडे काढून घेऊ म्हणत. मी दोन दिवसांआड हवालदाराला मोजायला पाठवी. का पाठवत होतो, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. तो येऊन आकडा सांगे. साठ. चोपन्न. सत्तेचाळीस. जेवताना, डायरी लिहिताना तो आकडा डोक्यात असे. मुख्य म्हणजे, अस्सल पोथी अजून मिळालेली नव्हती. शेड, घर, गावाकडचं घर, सगळीकडे झडत्या झाल्या. अंधेरीच्या व्यापाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, “मी डोळे नवे वाटतात म्हटलं. पोथी नवी आहे असं कुठे म्हटलं?” ज्याला आधीच धास्ती असते तो निम्मंच वाक्य ऐकतो. आबांनी तेच केलं होतं. मीही.

चतुर्थीला अकरा दिवस राहिले. रविवार होता. मी मुलुंडला घरी होतो. बायकोने माळ्यावरून गौरींचे मुखवटे काढले. पितळी, जड, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. तिने ते चिंचेने घासले आणि माझ्यापुढे ठेवले.

“अहो, दोघींचे डोळे गेलेत. कोणाकडून तरी काढून आणा. एक चांगला माणूस होता घाटकोपरला, त्याला तुम्ही आत घातलाय.”

“आत कोर्टाने घातलाय.”

“बरं, कोर्टाने. पण डोळे काढून आणा.”

मी मुखवटा हातात घेतला. डोळ्यांतला पांढरा रंग टवके उडून गेला होता. खाली जुना, पिवळट थर दिसत होता. मी सहज विचारलं की हे मुखवटे किती जुने.

“तुमच्या आजीच्या सासूबाईंचे.”

“आणि डोळे?”

“डोळे तीन वर्षांपूर्वीचे. असं काय विचारता?”

मुखवटा शंभर वर्षांचा आणि डोळे तीन वर्षांचे. यात आमच्या घरात कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. आणि मी अडतीस पानांच्या पोथीतून पाच नमुने घेतले होते, पाचही डोळ्यांतले. तांबड्याचा एक नाही, काळ्याचा एक नाही, पार्श्वभूमीच्या रंगाचा एक नाही. कपडे चढवून मी ठाण्यात गेलो आणि फिर्याद पुन्हा वाचली. “डोळे कधी मावळले नाहीत.” जी गोष्ट इतक्या वर्षांत मावळत नाही, तिला कोणीतरी उजळत असतं. हे मला फिर्याद घेतानाच कळायला हवं होतं.

सोमवारी पवईला गेलो. प्राध्यापकांनी माझं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. म्हणाले, “तुम्ही मला डोळ्यातला पांढरा दिलात. मी त्याचंच उत्तर दिलं. चित्राबद्दल तुम्ही मला काही विचारलंच नव्हतं.”

कोर्टाची परवानगी घेऊन दुसऱ्यांदा नमुने काढले. या वेळी जागा प्राध्यापकांनी निवडल्या. चिकटवलेल्या कडेच्या खाली दबलेला तांबडा, वस्त्राचा पिवळा, अगदी तळाचा पांढरा. आणि एका डोळ्याचा सगळ्या थरांसकट निघालेला कपचा, मोहरीहून लहान. नऊ दिवस उरले होते. शेडमध्ये एक्केचाळीस मूर्ती उरल्या होत्या.

दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं. तांबड्या रंगातही टिटॅनियम निघालं होतं.

मी खुर्चीवर बसलो. म्हणजे चित्र अखंड नवंच. म्हणजे माझा पहिला निष्कर्ष बरोबर, मग अस्सल पोथी कुठे गेली? गंमत अशी की मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्या माणसाचं “तुमच्याच ट्रंकेत आहे” मला खरं वाटायला लागलं होतं.

प्राध्यापक म्हणाले, इतक्यात हात टेकू नका. डोळ्यातलं टिटॅनियम कारखान्यातलं आहे, शुद्ध आणि पिठासारखं. तांबड्यातलं लोखंडाबरोबर मिसळलेलं आहे, कण ओबडधोबड आहेत. कोकणातल्या तांबड्या मातीत ते निसर्गतःच असतं. प्रश्न एवढाच की ही माती कुठली. शेडमधून जप्त केलेला बाजारचा गेरू त्यांनी तपासला होता, तो याच्याशी जुळत नव्हता. पूर्वी यांच्या घरात तांबडा रंग कुठून आणत, ते विचारा आणि तिथली माती आणा.

आबांना विचारलं. ते लगेच म्हणाले, देवळामागच्या दरडीतून, आजोबा आणायचे, त्याचं काय आता? मी काही सांगितलं नाही. हवालदाराला एस.टी.ने गावी पाठवलं. गावच्या पोलीस पाटलासमोर पंचनामा करून तो जेवणाच्या डब्यात माती भरून घेऊन आला. डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “साहेब, वीस वर्षांत मुद्देमाल खूप आणला. स्वतःच्या मुलखाची माती सील करून आणली ती पहिल्यांदाच.”

पाच दिवस उरले. दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला चार दिवस असताना, सकाळी प्राध्यापकांचा फोन आला.

माती जुळत होती. अगदी सही केल्यासारखी नाही, हे त्यांनी बजावलं. पण लोखंड आणि टिटॅनियमचं प्रमाण, दाण्यांची घडण ही चित्रातल्या तांबड्याशी मिळती होती आणि बाजारच्या गेरूशी मिळत नव्हती. पिवळा हरताळाचा, म्हणजे जुन्या खनिज रंगाचा, निघाला. तळाचा पांढरा शिंपल्यांच्या चुन्याचा, आत शिंपल्याचे कण दिसत होते. मी विचारलं, मूर्तिकार त्याच गावचा आहे, त्याने तिथलीच माती आणून नक्कल केली असेल तर? ते म्हणाले, मग आता हे बघा, आणि मला सूक्ष्मदर्शकाकडे नेलं.

डोळ्याचा तो कपचा त्यांनी रेझिनमध्ये बसवून आडवा कापला होता. मी डोळा लावला. चिरोट्याचे पदर दिसतात तसे पदर दिसले. तळाला चुन्याचा जाड थर. त्यावर जस्ताच्या पांढऱ्याचे सात थर, हा रंग एकोणिसाव्या शतकापासूनचा. त्यावर टिटॅनियमचे चार. आणि प्रत्येक दोन थरांमध्ये एक बारीक काळी रेघ.

“ही काजळी,” प्राध्यापक म्हणाले. “समईची, धुपाची. एकेक रेघ जमायला वर्षं लागतात. याचं वय मी सांगणार नाही, पण क्रम सांगू शकतो. हे तीन आठवड्यांत कोणाच्या बापाला जमायचं नाही.”

मी पुन्हा मोजलं. सात आणि चार. पोथी खरी होती. मूर्तिकाराकडे ती आयुष्यात एकदाच, तीन आठवडे होती. चार वेळा डोळे उजळणारा हात तिच्याजवळ नेहमी असला पाहिजे. आबांना डोळे आपोआप टिकतात असं वाटत होतं, म्हणजे ते नाहीत. त्या घरात दुसरं माणूस एकच होतं.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, हा नियम. दुपारी हवालदाराला घेऊन मी चाळीत गेलो. आक्का तांदूळ निवडत होत्या. सत्तरीच्या, बारीक, पांढरं लुगडं. आबा भिंतीला टेकून बसले होते. मी आबांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगणार होतो. आक्कांनीच विचारलं, “तो काय बोललो?”

कोण, ते विचारायची गरज नव्हती. मी म्हणालो, काहीच बोलला नाही. पंचवीस दिवस झाले.

त्यांनी सूप खाली ठेवलं. उठल्या, तांदळाच्या डब्यामागे हात घातला आणि एक करवंटी काढून माझ्यापुढे ठेवली. आतून पांढरी, थरावर थर वाळलेली.

“चार येळा,” त्या म्हणाल्या. “मियाच काढलंय. पांढरो त्याच्याकडसून आणी. तेका ठावक होता, पण तेना कधी विचारूक नाय.”

आबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, “तू? तुझ्या हाताने? देवाचे डोळे?”

हवालदाराने मला नंतर समजावलं. विधवेने देवाच्या चित्राला रंगाचा हात लावणं त्यांच्यात चालत नाही, निदान उघडपणे चालत नाही. कळलं असतं तर पोथी बाटली म्हणून लोकांनी ऐकणं सोडलं असतं आणि भावाने बहिणीला घरात ठेवलं असतं की नाही, कोण जाणे. मूर्तिकाराला हे सगळं माहीत होतं. म्हणून तो गप्प होता.

आक्का भावाकडे बघून शांतपणे बोलल्या. “आईनं सात येळा काढले. बाबा गेल्यावर काढले ता. ती सवाशीण होती काय? आंधळो देव कोण बघतलो रे, बाबू?”

खाली नळावर बायकांचं भांडण चालू होतं, ते ऐकू येत होतं. आबा हळूहळू खाली बसले. त्यांनी करवंटी उचलली, आत बोट फिरवलं आणि ते बोट बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “साहेब, माझी फिर्याद मागे घ्या.”

फिर्याद अशी मागे घेता येत नाही, हे मी सांगितलं. जबाब लिहून घेतला. आक्कांनी अंगठा दिला, करवंटी जप्त केली. दुसऱ्या दिवशी कोर्टात आरोपीला सोडण्यासाठी कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल ठेवला आणि गैरसमजातून नोंद झालेला गुन्हा म्हणून पुढे सी समरी मागितली. मॅजिस्ट्रेटनी विचारलं की पहिल्या अहवालात चूक होती का. मी म्हणालो, अहवालात नाही साहेब, नमुना घेण्यात होती, आणि तो मी घेतला होता.

मूर्तिकार सुटला तेव्हा चतुर्थीला तीन दिवस होते. पांढऱ्या रंगाचा डबा मी स्वतः घेऊन शेडवर गेलो, पावतीवर त्याच्या बायकोची सही घेतली. तो आधीच कामाला बसला होता. एक्केचाळीस मूर्ती, म्हणजे ब्याऐंशी डोळे. बायकोने डबा उघडून त्याच्या पुढ्यात ठेवला. आता काहीतरी बोलावं म्हणून मी त्याच्यासमोर उभा राहिलो. माफी हा शब्द पोलिसाच्या तोंडात सहज बसत नाही. मी वाक्य जुळवत होतो. त्याने ब्रश भिजवला, मान वर केली आणि म्हणाला,

“साहेब, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”

मी बाजूला झालो. त्याने पहिली रेघ ओढली.

उरलेल्या दोन दिवसांत मी एक काम केलं. मूर्ती उचलून नेणाऱ्या तेवीस घरांचे पत्ते त्याच्या वहीतून उतरवून घेतले आणि गणवेशात घरोघर गेलो. सांगितलं की माणूस निर्दोष आहे, चूक पोलिसांची होती. काहींनी पाणी दिलं. काहींनी दार अर्धंच उघडलं. एक गृहस्थ हसून म्हणाले, “पोलीस स्वतः सांगायला आला म्हणजे काहीतरी मिटवलंय, नाय का?” त्यांचंही चुकत नव्हतं. संशय पसरवायला आम्हाला एक जीप पुरते. तो मागे घ्यायला तसं काही साधन नसतं.

आबांनी पोथी विकली नाही. पुढे आक्कांनी डोळे काढले का आणि आबांनी काढू दिले का, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या गौरी त्या वर्षी फिकट डोळ्यांनीच बसल्या. बायकोने कारण विचारलं नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या प्रत्येक पंचनाम्यात मी एक ओळ न चुकता लिहिली. नमुना कोणत्या जागेवरून घेतला आणि ती जागा कोणी दाखवली. नव्या फौजदारांना ती ओळ फालतू वाटे. मी त्यांना सांगे की प्रयोगशाळा खोटं बोलत नाही, पण ती फक्त विचारलेल्याचं उत्तर देते. आणि माणूस जिथे बोट ठेवून सांगतो की इथे कधी काही बदललं नाही, तिथे कोणाचा तरी हात रोज फिरत असतो.

पुढच्या वर्षी श्रावणात मी शेडवर जाऊन पाटांवरची नावं वाचली. तेवीसपैकी एकोणीस घरं परत आली होती. चार आली नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही आली नाहीत. ती चार नावं मला अजून पाठ आहेत.